विश्लेषण : कॉफीचा रोग देशोदेशी फिरतो, मग शेतकऱ्याचे ज्ञान तालुक्यातच का अडकते?

ऑक्टोबर २०२० मध्ये हवाईच्या माऊई बेटावर कॉफीच्या पानांच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसली. बोट फिरवले तर बोटाला लागावी अशी. हा तांबेरा. गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याचाच भाऊबंद, पण कॉफीपुरता वेगळा. त्याची पहिली ठळक नोंद १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाली. तिथून तो भारतात आला, आफ्रिकेत पसरला, १९७० मध्ये ब्राझीलमध्ये सापडला, १९८३ मध्ये कोलंबियात, १९८६ मध्ये पापुआ न्यू गिनीत. हवाईला पोहोचायला त्याला दीडशे वर्षे लागली, पण तो पोहोचला.

या बुरशीला व्हिसा लागला नाही. प्रश्न असा आहे की तिच्याशी लढताना डोंगरातल्या शेतकऱ्यांनी जे शिकून घेतले, ते त्याच वाटेने का फिरले नाही? बी फिरते, रोग फिरतो, शास्त्रज्ञांचे निबंध फिरतात. कपातल्या चवीचे ज्ञान तर फारच वेगाने फिरते. मात्र कोणते झाड कधी उपटायचे, सावली किती ठेवायची, गळलेले फळ का वेचायचे, हे ज्ञान बहुतेक वेळा तालुक्याची वेस ओलांडत नाही. माझ्या मते कॉफीच्या जगातली आजची सर्वांत महागडी तूट हीच आहे, आणि तिची किंमत लहान शेतकरी मोजतो.

कॉफी भारतात आली कशी आणि गेली कुठे?

ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. सतराव्या शतकाच्या शेवटी डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावाला नेली. जावातून १७०६ मध्ये एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात गेले, १७१४ मध्ये तिथून पॅरिसला, आणि पॅरिसहून कॅरिबियन बेटांवर. लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या कॉफीचा एक मोठा धागा असा मलबारातून गेला आहे.

म्हणजे देवाणघेवाण नवी नाही. पण ती झाडांची होती आणि साम्राज्यांच्या जहाजांमधून होत होती. शेतकरी त्यात कुठेच नव्हता.

तांबेऱ्याने काय शिकवले?

सिलोन एके काळी जगातल्या मोठ्या कॉफी निर्यातदारांपैकी एक होता. तांबेऱ्याने काही दशकांत तिथली कॉफी जवळजवळ संपवली आणि मळ्यांवर चहा आला. आज आपण ‘सिलोन टी’ म्हणतो, त्यामागे एका बुरशीचा मोठा हात आहे. हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८८० ते १८८२ या काळात तिथे राहिला आणि त्याने रोगाचे जीवनचक्र उलगडले. पण तोवर उशीर झाला होता.

भारतातला धडा वेगळा निघाला. १९११ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या दोड्डेनगुड्डा मळ्यावर केंट नावाच्या मळेवाल्याने तांबेऱ्याला दाद न देणारे झाड निवडले. ‘केंट’ वाण त्याच्या नावाने चालले आणि पुढे पूर्व आफ्रिकेतही लागले. काही वर्षांनी त्यालाही तांबेरा लागला. १९३२ मध्ये मेन या संशोधकाने दाखवून दिले की तांबेरा ही एकच बुरशी नाही, तिच्यात वेगवेगळे ‘वंश’ असतात. एका वंशाला रोखणारे झाड दुसऱ्यापुढे हरते. हे काम झाले ते चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला, जिथे १९२५ पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल : जुना पॅच नव्या व्हायरसवर चालत नाही.

याच केंद्राने १९४० च्या दशकात केंटचा संकर करून ‘एस ७९५’ हे वाण दिले. ते आजही भारतात आहे आणि इंडोनेशियातही ‘जेंबर’ या नावाने लावले जाते. आपल्याकडच्या एका डोंगरातले काम दुसऱ्या देशाच्या डोंगरात रुजल्याचे याहून साधे उदाहरण सापडणार नाही.

मग तिमोर बेट. तिथे अरेबिका आणि रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर झालेले एक झाड १९२७ च्या सुमारास आढळले. अरेबिकाची चव आणि रोबस्टाचा काटकपणा यांचा तो अपघाती मेळ. १९५५ मध्ये पोर्तुगालमधील ओएरास येथे कॉफीच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. पोर्तुगालच का, तर तिथे कॉफी पिकतच नाही. बीजाणू चुकून बाहेर पडले तरी बाधायला शेजारी शेत नाही. जगभरचे देश तिथे तांबेऱ्याची पाने पाठवत. केंद्र वंश ओळखून सांगे आणि तिमोरच्या झाडापासून केलेले संकर परत पाठवे. त्यातूनच ‘कॅटिमोर’ आणि ‘सार्चिमोर’ ही कुळे निघाली. भारतातले ‘कावेरी’ वाण कॅटिमोर आहे, तर २००७ मध्ये आलेले ‘चंद्रगिरी’ सार्चिमोर कुळातले.

ही व्यवस्था मला आजही थक्क करते. शीतयुद्ध ऐन भरात असताना, इंटरनेट नसताना, एकमेकांशी बाजारात स्पर्धा करणारे देश एका सामाईक प्रयोगशाळेला पाकिटातून रोगट पाने पाठवत होते.

मग अडते कुठे?

याचे उत्तर कोलंबिया आणि मध्य अमेरिका शेजारी शेजारी ठेवले की दिसते. कोलंबियात कॉफी उत्पादकांचे महासंघ १९२७ पासून आणि त्याचे संशोधन केंद्र, सेनिकाफे, १९३८ पासून आहे. तांबेरा ब्राझीलमध्ये पोहोचण्याआधीच, १९६० च्या दशकात, त्यांनी तिमोरच्या संकरावर काम सुरू केले होते. १९८२ मध्ये ‘कोलंबिया’ नावाचे वाण बाहेर आले आणि १९८३ मध्ये तांबेरा आला. पाहुणा दारात येण्याआधी कुलूप बसले होते. शिवाय ते वाण मुद्दाम अनेक वेगवेगळ्या ओळींचे मिश्रण करून दिले होते, म्हणजे एक ओळ पडली तरी सगळे शेत पडू नये.

तरीही २००८ पासूनच्या काही ओल्या वर्षांत कोलंबियाला मोठा फटका बसला, कारण बऱ्याच शेतांत जुनी, तांबेऱ्याला बळी पडणारी झाडे होती. मग महासंघाच्या शेतावर जाणाऱ्या तंत्रज्ञांच्या फौजेने, कर्जाची सोय करून, ‘कास्तियो’ या नव्या वाणाने लागवड बदलण्याचा सपाटा लावला.

२०१२–१३ मध्ये हाच तांबेरा मध्य अमेरिकेत भडकला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाटेमालाने आणीबाणी जाहीर केली. हंगामी मजुरांची कामे गेली, अनेक कुटुंबांनी डोंगर सोडले. उपाय शेजारच्या देशात वीस–तीस वर्षे तयार होता, त्याच भाषेत, स्पॅनिशमध्ये. मग तो वापरला का गेला नाही?

इथे नुसत्या ‘माहितीचा अभाव’ या उत्तरावर थांबणे चूक ठरेल. नवे झाड लावले की पहिले पीक हाती यायला साधारण तीन वर्षे लागतात. दीड एकरवाला शेतकरी तीन वर्षे खाणार काय? बियांचे पाकीट मिळाले, पण पाठीशी कर्ज नाही, सल्ला द्यायला कोणी नाही, तर ते ज्ञान कागदावरच राहते. उलट नुसते कर्ज मिळाले आणि कोणते वाण लावायचे हे नर्सरीवाल्यानेच ठरवले, तर पैसा वाया जातो. होंडुरासमध्ये शेतकऱ्यांनी तिमोर कुळातले ‘लेंपिरा’ वाण मोठ्या प्रमाणावर लावले. २०१७ मध्ये त्याचीही प्रतिकारशक्ती तुटल्याचे जाहीर झाले. भारतात ‘कावेरी’ची गत फार वेगळी झाली नव्हती. जगातली बहुतेक तांबेरारोधक वाणे तिमोरच्या मोजक्या झाडांकडेच बोट दाखवतात. अभियांत्रिकीच्या वर्गात ज्याला आम्ही ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणायचो, ते हेच.

एकच भुंगेरा, दोन देश

दुसरे उदाहरण मला जास्त आशादायक वाटते. कॉफीच्या फळात शिरून बी पोखरणारा तिळाएवढा भुंगेरा कोलंबियात १९८८ मध्ये आला आणि भारतात १९९० मध्ये, निलगिरीतल्या गुडलूरजवळ सापडला. दोन वर्षांच्या अंतराने दोन डोंगराळ देशांना एकच शत्रू मिळाला.

१९९८ ते २००२ या काळात त्यावर एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. त्यात सात देश होते : कोलंबिया, इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, जमैका, मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेबाहेरचा एकटा भारत. भुंगेऱ्यावर जगणारी मूळची आफ्रिकी गांधीलमाशी भारताने मेक्सिकोतून आणली. बुरशीचे औषध, सापळे, सगळे तपासले गेले. पण सगळ्यांत भरवशाचा उपाय निघाला तो सर्वांत कंटाळवाणा : झाडावर आणि जमिनीवर राहिलेले प्रत्येक फळ वेचून काढा. कोलंबियात याला ‘रे-रे’ म्हणतात, म्हणजे तोडणी आणि पुन्हा फेरी. भारतात कॉफी बोर्डही वेळेवर तोडणी, तोडताना झाडाखाली चटई आणि हंगामानंतर वेचणी हेच सांगतो.

आता यातली मजा बघा. कोलंबिया विषुववृत्ताजवळ आहे. तिथल्या अनेक भागांत वर्षात दोन हंगाम येतात, मुख्य आणि ‘मिताका’. झाडावर कुठले ना कुठले फळ असतेच, म्हणून भुंगेऱ्याला वर्षभर जेवण. त्यामुळे तिथे फेऱ्या सतत माराव्या लागतात. आपल्याकडे मार्च–एप्रिलच्या सरींवर एकदम फुलोरा येतो आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडणी उरकते. मधल्या काळात भुंगेऱ्याला फारसे घर नसते. म्हणजे भारतात एकच वेचणी नीट केली, तर त्याची साखळी तोडण्याची संधी कोलंबियापेक्षा जास्त. तोच उपाय, पण वेळापत्रक वेगळे. कोलंबियाचे पत्रक नुसते भाषांतर करून कोडगूत वाटले, तर शेतकरी चार फेऱ्यांची मजुरी बघून ते बाजूला ठेवेल.

कॉपी-पेस्ट का चालत नाही?

सावलीचा वाद घ्या. ब्राझीलमध्ये कॉफी बहुतांशी उघड्या उन्हात पिकते. भारतात जवळजवळ सगळी कॉफी सावलीत, वर सिल्व्हर ओक किंवा जंगली झाडे आणि त्यांवर मिरीचे वेल. भारतात सावली कमी केली की अरेबिकाच्या खोडावर पांढरा खोडकिडा येतो, कारण त्याला ऊन लागलेली खोडे आवडतात. सावली जास्त ठेवली की पावसाळ्यात पाने कुजतात. या कुजण्याच्या रोगाला कन्नड शेतकरी ‘कोळेरोग’ म्हणत आणि तो शब्द एकोणिसाव्या शतकात थेट बुरशीच्या शास्त्रीय नावात गेला. आपल्या कोकणात आणि गोव्यात सुपारीवर पडणारा कोळेरोग वाचकांना माहीत असेल. बुरशी वेगळी, शब्द तोच. लॅटिन अमेरिकेत कॉफीच्या याच रोगाला धाग्यांचा रोग म्हणतात. शेतकऱ्याचा शब्द जगाच्या शास्त्रात जाऊ शकतो, तर शेतकऱ्याचा अनुभवही जाऊ शकतो, एवढेच मला इथे म्हणायचे आहे.

म्हणून मे महिन्यात फांद्या छाटून सावली मोकळी करायची आणि पावसानंतर ती पुन्हा दाटू द्यायची, ही इथली जुनी पद्धत आहे. ती ना ब्राझीलच्या पुस्तकात सापडेल, ना कोलंबियाच्या.

नेपाळला काय हवे आहे?

नेपाळमध्ये कॉफी आली ती १९३८ मध्ये, गुल्मी जिल्ह्यातल्या आपचौर गावात. हिरागिरी नावाच्या साधूने म्यानमारहून बिया आणल्या, असे सांगितले जाते. पुढे १९६८ मध्ये सरकारने भारतातून बी मागवले. आज तिथल्या मधल्या डोंगरांत लहान शेतकरी घराभोवती कॉफी लावतात आणि त्यांचा मुख्य शत्रू आहे पांढरा खोडकिडा. तोच, जो चिकमगळूर आणि कोडगूतल्या अरेबिकाला शंभराहून अधिक वर्षे पोखरतो आहे.

लॅटिन अमेरिकेत हा किडा नाही. त्यामुळे कॉफीवरच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेतल्या अफाट साहित्याचा नेपाळी शेतकऱ्याला इथे उपयोग शून्य. उपयोग आहे तो भारतातल्या अनुभवाचा. मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आत शिरली की महिनोन्महिने बाहेर काही दिसत नाही. मग पाने पिवळी पडतात, खोडावर वळ उठतात. आपल्याकडे भुंगेरे बाहेर पडण्याचे दोन मुख्य काळ असतात, एप्रिल–मे आणि ऑक्टोबर–डिसेंबर. त्याआधी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, मळ्यात ओळीने फिरून किडकी झाडे शोधायची, उपटायची आणि जाळायची. सुटी साल काथ्याने घासून काढायची, म्हणजे अंडी घालायला भेग उरत नाही. पूर्वी लिंडेन वापरत. भारतात २०१३ पासून त्याचा वापर बंद आहे. आता खोडाला १० टक्के चुन्याचे द्रावण फवारतात, म्हणजे २०० लिटर पाण्यात २० किलो चुना.

यात पेटंट नाही, महागडे यंत्र नाही. तरीही सगळा भर एका कौशल्यावर आहे : आतून किडलेले झाड बाहेरून ओळखणे. ते पत्रकातून शिकता येत नाही. मळ्यात वीस वर्षे काम केलेल्या मजुराबरोबर दोन दिवस चालले की शिकता येते. आणि नेमका हा माणूस कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमंत्रितांच्या यादीत नसतो.

उलट प्रक्रियेचे ज्ञान बघा. कोस्टा रिकात रुळलेली ‘हनी’ पद्धत, हवाबंद आंबवण, यांची नावे आज बंगळुरू–पुण्याच्या कॅफेतल्या फळ्यावर असतात. कारण सरळ आहे. त्या ज्ञानाचा खरेदीदार आहे. किडके झाड जाळण्याला कोणी खरेदीदार नाही.

बी कोणाचे?

देवाणघेवाणीचे गोडवे गाताना एक कडू बाजू झाकून चालणार नाही. १९३० च्या दशकात इथिओपियाच्या जंगलातून गोळा केलेले बी टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकाच्या संग्रहात गेले आणि तिथून पनामात. २००४ मध्ये त्याच ‘गेशा’ कॉफीने पनामाच्या स्पर्धेत बाजी मारली. आज लिलावात तिला किलोला हजारो डॉलर मिळतात. ज्या जंगलातून ती निघाली, तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले काही जात नाही. इथिओपिया आपल्या बियांबाबत आज हात आखडता घेतो, यात मला चूक दिसत नाही. पिकांच्या जनुकीय संपत्तीबाबत २००१ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या सामाईक वापराच्या मूळ यादीत कॉफी नाही. त्यामुळे प्रत्येक देशाशी वेगळी बोलणी करावी लागतात.

२०२२ मध्ये अरेबिकाच्या सामाईक पैदाशीसाठी नऊ देशांचे एक जाळे उभे राहिले. त्यात भारतही आहे, इंडोनेशिया, केनिया, रवांडा, युगांडा, पेरू, मेक्सिको, कोस्टा रिका आणि अमेरिकेचे हवाईही. तिमोरच्या मोजक्या झाडांवरचे अवलंबन कमी करायचे, तर हे हवेच होते. पण इथेही भाषा शास्त्रज्ञांची आहे.

मग व्हावे काय?

माझे मत असे : रोपांची देवाणघेवाण केंद्रांवर सोडा, कडक विलगीकरणासह. परदेशी मळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी खिशातून बी आणू नये, आणि मळ्यातून निघताना कपडे–बूट धुवावेत. बाबा बुदनांचा काळ वेगळा होता. लोकांच्या हाती द्यायचे ते ज्ञान, आणि ते द्यायला मोबाइल पुरेसा आहे. भारतात कॉफी उत्पादकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लहान शेतकरी आहेत. अरकू–कोरापुटच्या आदिवासी पाड्यांपासून आपल्या चिखलदऱ्याच्या तुरळक कॉफीपर्यंत, लांबच्या परिषदेला जाणे यातल्या कितींना परवडेल?

१९७० च्या दशकात ग्वाटेमालाच्या चिमाल्तेनांगोमध्ये माया शेतकऱ्यांनी ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ ही पद्धत सुरू केली. आधी आपल्या शेताच्या तुकड्यावर करून बघायचे, मग शेजाऱ्याला बोलावून दाखवायचे. ती पुढे निकाराग्वा आणि क्युबात गेली. तिच्यात तज्ज्ञ होता, पण फळ्यासमोर नव्हता. कॉफी बोर्डाने नेपाळशी असे काही करायचे ठरवले, तर खर्च एखाद्या प्रदर्शनातल्या स्टॉलएवढाच येईल. मार्चमध्ये गुल्मीचे दहा शेतकरी चिकमगळूरला, सप्टेंबरमध्ये इथले दहा मजूर आणि शेतकरी तिकडे. मजूर हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे, आणि त्याचा त्या दिवसांचा रोज कापला जाऊ नये, हेही.

आणि जे काही मोबाइलवर पाठवाल, त्यात गावाची उंची, पाऊस कधी आणि किती, वाण कोणते, काम कोणत्या महिन्यात केले, हे हवेच. सोबत काय करून फसले, तेही हवे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवृत्तीसोबत काय बिघडले होते याची यादी जाहीर करतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. शेतीच्या पत्रकांत फक्त यशोगाथा असतात. ‘लेंपिरा’ला तांबेरा लागल्याची बातमी होंडुरासच्या शेताच्या बांधावर आधी कळली होती की कार्यालयात, याचा अंदाज कोणताही शेतकरी देईल.